वेड, संचार आणि जात : नागपूरच्या इतिहासातून

नागपूरचा इतिहास लिहिताना आपण १९५६ पासून सुरुवात करतो. ते साहजिकच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी या शहरात जे घडले त्याच्या आधीचा काळ आपल्याला काळोखासारखा वाटतो, आणि तो काळोखच होता. परंतु काळोखाचाही इतिहास असतो. तो आपण लिहिला नाही तर दुसरे कोणीतरी तो आपल्या वतीने लिहून मोकळे होतात. या लेखापुरते मला ब्याण्णव वर्षे मागे जायचे आहे. १८६४ साली नागपुरात वेड्यांचे इस्पितळ सुरू झाले. मध्य प्रांत १८६१ साली निर्माण झाला, नागपूर त्याची राजधानी झाली आणि राजधानीला लागणाऱ्या कचेऱ्या व तुरुंग यांच्याबरोबर पागलखानाही आला. आज त्याला प्रादेशिक मनोरुग्णालय म्हणतात. महाराष्ट्रात अशी चार जुनी रुग्णालये आहेत : येरवडा, ठाणे, रत्नागिरी आणि नागपूर.

मनाच्या आजाराविषयी आपल्या चळवळीत फारसे लिहिले जात नाही. आपल्याकडे भूक, जमीन, नोकरी, शिक्षण, अत्याचार हे प्रश्न इतके उघडे आणि रक्तबंबाळ आहेत की मनाचे दुखणे म्हणजे पांढरपेशांची चैन, अशी एक समजूत नकळत रुजली आहे. मला ती मान्य नाही. अंगात येणे, लागीर, बाधा, घुमणे या नावांनी आपल्या मागच्या पिढ्यांनी जे भोगले ते मनाचेच दुखणे होते. धर्मांतराने आपण देव टाकले आणि देवाबरोबर संचारही टाकला. ते योग्यच झाले. पण त्या संचाराच्या तळाशी जे दुःख होते ते कुठे गेले, हा प्रश्न आपण विचारला नाही. तो विचारण्यासाठी मी ही जुळवाजुळव करीत आहे.

पागलखान्यापासून सुरुवात करू. हे इस्पितळ ज्या कायद्याखाली चालत होते तो १८५८ चा होता. त्या कायद्याने पोलिसांना अधिकार दिला होता : वेडसर माणूस भटकताना आढळला किंवा त्याच्यापासून धोका आहे असे वाटले तर त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे, मॅजिस्ट्रेटने वैद्यकीय अधिकाऱ्याच्या मदतीने ठरवावे आणि इस्पितळात धाडावे. भटकताना कोण आढळतो? ज्याच्या वाड्याला मागचा दरवाजा आणि वरची माडी आहे त्या घरातला वेडा भटकत नाही. त्याला माडीवर कोंडतात, वर जेवण पोचवतात आणि पाहुण्यांना तो काशीला गेल्याचे सांगतात. ज्याला घर एका खोलीचे, ज्याच्या घरातली सगळी माणसे सकाळीच कामाला गेलेली, तो रस्त्यावर येतो. कायद्यात जात लिहिलेली नव्हती. पण भटकणे हा शब्द लिहिला की जात लिहिण्याची गरज उरत नाही.

त्या काळच्या सरकारी वैद्यकाला माणसाच्या मनाविषयी काय ठाऊक होते? याचे उत्तर शोधताना क्षणभर बंगालात जावे लागते. हिंदुस्थानात मनाच्या अवस्थेचा उपयोग करून उपचार करण्याचा पहिला मोठा सरकारमान्य प्रयोग तिथे झाला, आणि ज्याच्या देहावर तो झाला तो माणूस आपला आहे.

जेम्स एस्डेल नावाचा स्कॉटिश डॉक्टर हुगळी येथे कंपनी सरकारच्या नोकरीत होता. ४ एप्रिल १८४५ रोजी त्याच्यापुढे तुरुंगातला एक कैदी आणला गेला. नाव माधब काओरा. धंदा डुकरे विकण्याचा. शिक्षा सात वर्षांची, पायात बेड्या घालून रस्त्याच्या कामावर. काओरा ही बंगालमधली डुकरे पाळणारी अस्पृश्य जात; पश्चिम बंगालच्या अनुसूचित जातींच्या यादीत ती आजही आहे. माधबच्या अंडवृद्धीवर शस्त्रक्रिया चालू होती, वेदना असह्य झाल्या होत्या, आणि भूल देण्याचे औषध तेव्हा अस्तित्वात नव्हते. एस्डेलने मेस्मेरिझमविषयी केवळ वाचले होते. तो कोणी करताना पाहिलाही नव्हता. त्याने त्या कैद्याच्या अंगावरून न स्पर्शता हात फिरवायला सुरुवात केली. बऱ्याच वेळाने माधब एका विलक्षण अवस्थेत गेला. सुया टोचल्या तरी त्याला कळेनात. एवढ्या एका अनुभवावर एस्डेलने पुढे भराभर शस्त्रक्रिया केल्या. १८४६ मध्ये त्याचे पुस्तक निघाले, सरकारने चौकशी समिती नेमली आणि त्याच वर्षी कलकत्त्यात याच पद्धतीचे एक छोटे इस्पितळ प्रयोगादाखल उघडून दिले.

संमोहनाचा इतिहास सांगणारी पुस्तके एस्डेलचे नाव आदराने घेतात, आणि त्यात गैर काही नाही. त्याने माणसांच्या वेदना खरोखर कमी केल्या. पण दोन गोष्टी त्या पुस्तकांत पुसट होतात. पहिली अशी की तासन्तास अंधाऱ्या खोलीत बसून रोग्यावर हात फिरवण्याचे काम एस्डेल स्वतः फार दिवस करीत नव्हता. ते थकवणारे काम त्याने इस्पितळातल्या देशी मदतनिसांना शिकवले. संमोहन घडवत होते ते, आणि नाव झाले साहेबाचे. दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. हे प्रयोग इथे इतके यशस्वी का होतात याचे स्पष्टीकरण एस्डेलने दिले आहे. त्याचा आशय असा की हे लोक निसर्गाची साधीभोळी लेकरे आहेत. ते विचार करीत नाहीत, प्रश्न विचारीत नाहीत, हरकत घेत नाहीत, डॉक्टरच्या मर्जीला निमूटपणे शरण जातात.

बेड्या घातलेला कैदी हरकत घेणार कशी? ज्याच्या जातीला शतकानुशतके हरकत घेण्याची शिक्षा मिळाली, त्याच्या गप्प राहण्याला निसर्गाचे देणे म्हणायचे! गुलामाच्या थकव्याला स्वभाव म्हणण्याची ही रीत मनूची होती आणि विलायतेहून आलेल्या डॉक्टरलाही ती सहज जमली. पुढे १८४७ साली क्लोरोफॉर्म आले आणि मेस्मेरिझमची शस्त्रक्रियेतली गरज संपली. माधब काओराचे पुढे काय झाले ते कोणी लिहून ठेवलेले माझ्या वाचनात नाही.

आता नागपूरला परतू. १८९२ सालाकडे पाहू, कारण त्या वर्षी दोन धागे इथे एकत्र येतात.

हिंदुस्थानातल्या पागलखान्यांच्या वार्षिक अहवालांत वेडाचे कारण नोंदवण्याचा एक रकाना असे. त्यात वर्षानुवर्षे एक शब्द मोठ्या संख्येने येत गेला : गांजा. विलायतेत त्यावरून ओरड झाली, आणि १८९३ साली सरकारने गांजा-भांगेच्या चौकशीसाठी आयोग नेमला. आयोगाने तपासणीसाठी १८९२ या एका वर्षात देशभरच्या पागलखान्यांत दाखल झालेली माणसे निवडली आणि प्रत्येकाच्या कागदाचा माग काढला. निष्कर्ष लाजिरवाणा होता. 'गांजा' हा शब्द बहुतेक वेळा डॉक्टरने तपासून लिहिलेला नव्हताच. माणसाला धरून आणणाऱ्या पोलिसाने कागदावर काहीतरी कारण लिहायचे म्हणून तो लिहिला होता आणि इस्पितळाने तो जसाच्या तसा उतरवून घेतला होता. ज्याचा नातेवाईक बरोबर नाही, जो स्वतः धड बोलत नाही, त्याच्या आयुष्याचे कारण शिपायाने ठरवले. त्या रकान्यात उपासमार, सावकार, मेलेले मूल, गाव सोडणे यांना जागा नव्हती. मला हा रकाना फार महत्त्वाचा वाटतो. पुढे त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे.

दुसरा धागा ताजुद्दीन बाबांचा. ज्यांच्या नावाने नागपुरात ताजबाग आहे, तेच. जन्म १८६१ चा, कामठीचा. आईबाप लहानपणीच गेले. तरुणपणी फौजेत नोकरी केली, ती सोडली आणि कामठीच्या रस्त्यांवर भटकू लागले. मुले त्यांना दगड मारीत. मग कोणाला त्यांच्या बोलण्यात चमत्कार दिसू लागले आणि गर्दी जमू लागली. सांगतात की एके दिवशी ते छावणीतल्या गोऱ्या मडमांपुढे नग्न अवस्थेत गेले. २६ ऑगस्ट १८९२ रोजी त्यांना नागपूरच्या पागलखान्यात टाकण्यात आले. म्हणजे गांजा आयोगाने ज्या वर्षाचे कागद तपासले त्याच वर्षी. तिथे ते सोळा वर्षे राहिले आणि त्या सोळा वर्षांत पागलखान्याच्या दारात दर्शनार्थ्यांची रीघ लागली. १९०८ साली राजे रघुजीराव भोसले यांनी त्यांची जबाबदारी घेतली आणि त्यांना शक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यावर आणले. १७ ऑगस्ट १९२५ रोजी ते वारले.

ताजुद्दीन बाबा संत होते की मनोरुग्ण, या वादात मला शिरायचे नाही. त्यांच्यावर श्रद्धा असलेल्यांत आपल्या वस्तीतलीही पुष्कळ माणसे आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यातून दिसते ते वेगळेच. एकाच माणसाची एकच अवस्था कामठीच्या पोरांच्या लेखी वेड होती, छावणीच्या लेखी गुन्हा होती, पागलखान्याच्या लेखी रोग होती आणि भोसल्यांच्या वाड्यात ती अवलियापण ठरली. अवस्था बदलली नाही, जामीन राहणारा बदलला. ज्यांच्यासाठी कोणी राजा आला नाही अशी जी माणसे त्यांच्याबरोबर त्याच भिंतीच्या आत सोळा वर्षे होती, त्यांच्या नावाचा उरूस भरत नाही.

ज्यांना पागलखानाही माहीत नव्हता अशी बहुसंख्य माणसे गावात होती. त्यांचे इस्पितळ म्हणजे भगत. त्यांचे औषध म्हणजे उतारा, अंगारा आणि धुरी. आणि त्यांची एकमेव बोलण्याची जागा म्हणजे संचार.

अंगात येण्याकडे आपण आता केवळ अज्ञान म्हणून पाहतो. ते अज्ञान होतेच. पण कोणाच्या अंगात येत असे, केव्हा येत असे आणि अंगात आल्यावर माणसे काय बोलत, हे पाहिले पाहिजे. मरीआईचे ठाणे बहुधा महारवाड्याच्या बाजूला. गावात पटकीची साथ आली की ज्या महारवाड्याची सावली चालत नसे तिथेच गावाला यावे लागे. डफ वाजत, एखादी बाई किंवा बाप्या घुमू लागे, आणि त्या घटकेला पाटीलही हात जोडून उभा राही. वर्षभर ज्या तोंडाला 'जोहार' याखेरीज शब्द नाही, ते तोंड त्या घटकेला पाटलाला अरे-तुरे करी. सासूच्या जाचाखालची सून देवीच्या तोंडून सासूला जाब विचारी. शब्द तिचे होते, पण तिचे नव्हते. म्हणून त्यांची शिक्षा तिला होत नसे. बोलण्याची बंदी असलेल्या माणसांनी शोधलेली ती पळवाट होती.

ही पळवाट म्हणजे मुक्ती नव्हे, हे इथे ठासून सांगितले पाहिजे, कारण अलीकडे काही विद्वान संचाराला विद्रोह म्हणू लागले आहेत. विद्रोह केल्यावर दुसऱ्या दिवशी काहीतरी बदललेले असते. इथे डफ थांबला की पाटील पाटील होता आणि महार महार. साथ गेली की देवी गेली, देवी गेली की बोलणे गेले, आणि घुमणाऱ्या बाईच्या वाट्याला थकलेले अंग आणि भगताची दक्षिणा तेवढी उरली. व्यवस्थेने वर्षातून एकदा वाफ सोडण्यासाठी ठेवलेले ते भोक होते. आणि कित्येकदा त्याची दुसरी बाजू भयानक होती. भूत काढण्यासाठी मिरच्यांची धुरी, चाबूक, तापलेली सळई, साखळदंड. डाकीण ठरवून मारली गेलेली बाई बहुधा एकटी, विधवा, जमिनीचा तुकडा असलेली असे.

बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांनी या सगळ्याची मुळे उखडली. आमच्या भागातल्या वस्त्यांत आणि खेड्यापाड्यांत दीक्षेनंतर लोकांनी देव्हाऱ्यातले टाक, मूर्ती, परड्या उचलून नदीत नेऊन टाकल्या. माझ्या आजीच्या अंगात मरीआई येत असे, हे मी आईच्या तोंडून ऐकलेले आहे. दीक्षेनंतर आजीने स्वतःच्या हाताने देव्हारा रिकामा केला. पुन्हा तिच्या अंगात कधी आले नाही. घरात याचा अभिमान होता आणि तो योग्यच होता. पण आई आणखी एक गोष्ट सांगत असे, आवाज खाली करून. आजीची दोन मुले एकाच पावसाळ्यात गेली होती, आणि ती त्यांच्याशी बोलायची ती केवळ संचारात. संचार थांबला आणि आजी बोलेनाशी झाली. भिंतीकडे तोंड करून बसून राहायची. जेवण समोर ठेवले तर जेवायची, नाही ठेवले तर नाही. घरातले म्हणत, वय झाले. तेव्हा ती पन्नाशीचीही नव्हती.

आजीला देव परत द्यायला हवा होता असे मी म्हणत नाही. तिच्या हातून देव सुटले त्या दिवशी तिला माणसे मिळायला हवी होती. नवा धम्म तिला ती देऊ शकत होता, कारण त्याच्याजवळ ते सामर्थ्य आहे. पटाचारेची कथा आपण प्रवचनांत ऐकतो. तिचा हा अर्थ मात्र कोणी उलगडत नाही. पटाचारेचा नवरा सर्पदंशाने गेला, एक मूल पक्ष्याने नेले, दुसरे नदीत वाहून गेले, आईबाप आणि भाऊ घर कोसळून मेले. ती भ्रमिष्ट झाली, अंगावर वस्त्र राहिले नाही, श्रावस्तीत लोक तिला वेडी म्हणून हाकलू लागले. बुद्धापाशी ती आली तेव्हाही लोकांनी अडवले. बुद्धाने तिला जवळ येऊ दिले आणि बहीण म्हणून हाक मारून शुद्धीवर येण्यास सांगितले. कोणी तरी आपले पांघरूण तिच्या अंगावर टाकले. मग ती बोलली आणि त्याने ऐकले. यात मंत्र नाही, अंगारा नाही, हात फिरवणे नाही, कोंडणे नाही. बुद्धाने भिक्षूंना चमत्कार दाखवायला मनाई केली होती, ही गोष्टही याच्याच जोडीने लक्षात ठेवली पाहिजे. कामठीच्या छावणीपुढे नग्न गेलेल्या माणसाला पागलखाना मिळाला. श्रावस्तीच्या नग्न बाईला वस्त्र आणि प्रश्न मिळाला. तुला काय झाले, हा तो प्रश्न.

नागपूरच्या इतिहासात संमोहन हा शब्द लोकांच्या तोंडी आला तो अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीमुळे. १९८२ साली नागपुरात अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन झाली. तिचे संघटक श्याम मानव यांनी बुवाबाजीचा पर्दाफाश करण्याबरोबरच स्वसंमोहनाच्या कार्यशाळा घेतल्या. अंगात येणे म्हणजे देवी नव्हे. एकाच गोष्टीवर खिळलेले लक्ष, डफाचा ठेका, भोवतालच्या माणसांची अपेक्षा आणि लहानपणापासून मनावर झालेल्या सूचना यांतून माणूस स्वतःच स्वतःला त्या अवस्थेत नेतो, ही मांडणी या चळवळीने गावोगाव पोचवली. माझ्या पिढीतल्या अनेक शिक्षकांनी ती शाळेत मुलांना सांगितली. त्याचे श्रेय दिलेच पाहिजे.

या मांडणीमागचे शास्त्र जुने आहे. मेस्मर नावाच्या व्हिएन्नाच्या डॉक्टरने पॅरिसमध्ये येऊन आपल्या अंगातून एक चुंबकीय द्रव वाहतो आणि त्याने रोग बरे होतात असा दावा केला. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने चौकशी आयोग नेमला. त्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. त्यांनी एका बारा वर्षांच्या मुलाला, डोळे बांधून, बागेतल्या झाडांजवळ नेले. त्यांतले एकच झाड 'भारलेले' होते. मुलगा भलत्याच झाडापाशी बेशुद्ध पडला. द्रव नाही, कल्पना आहे, असा निकाल लागला. बुवाबाजीची शास्त्रीय परीक्षा घेण्याची ही उत्तम तऱ्हा होती. पण मेस्मरचा शिष्य देस्लों याने तेव्हा एक प्रश्न विचारला, तो मात्र हवेत विरला. नुसत्या कल्पनेने जर रोग्याला आराम पडत असेल, तर त्या कल्पनेचाच औषध म्हणून उपयोग का करू नये? पुढे १८४३ साली जेम्स ब्रेड या डॉक्टरने द्रवाची कल्पना टाकून देऊन या अवस्थेला ग्रीक भाषेतल्या झोपेच्या शब्दावरून नवे नाव दिले; त्यातून हिप्नॉसिस हा शब्द रुळला. वास्तविक संमोहित माणूस झोपलेला नसतो. त्याचे लक्ष एका जागी एकवटलेले असते आणि सूचना स्वीकारण्याची त्याची तयारी वाढलेली असते, एवढेच. ती शक्ती संमोहन करणाऱ्याच्या डोळ्यांत नसते, ती रोग्याच्या मनात असते. १९५५ साली ब्रिटिश आणि १९५८ साली अमेरिकन वैद्यकीय संघटनेने उपचारातील त्याचा उपयोग मान्य केला. वेदना, भीती, पोटाचे काही चिवट विकार यांत ते मदत करते. स्किझोफ्रेनियासारख्या आजारावर मात्र ते औषध नव्हे. तिथे मानसोपचारतज्ज्ञच गाठला पाहिजे.

आता माझा आक्षेप. "ही देवी नाही, हे स्वसंमोहन आहे," असे गावात उभे राहून सांगणे खरे आहे, पण अपुरे आहे. १७८४ च्या आयोगासारखेच ते अर्ध्यावर थांबते. बाई घुमते कशी याचे उत्तर मिळाले. बाई घुमते का याचे उत्तर कोणी द्यायचे? पुष्कळदा असे होते की कार्यकर्ते येतात, प्रयोग करून दाखवतात, भगत उघडा पडतो, टाळ्या वाजतात. बाई घरी जाते. घरात दारू पिणारा नवरा तोच असतो आणि मालकाचा हातही तोच असतो.

दुसऱ्या टोकाला शहरात एक नवाच भगत अवतरला आहे. त्याच्या भिंतीवर प्रमाणपत्रे असतात. तो संमोहनाने माणसाला पूर्वजन्मात नेतो आणि आजच्या दुःखाचे कारण तिथे दाखवतो. संमोहनात सांगितलेली आठवण खरीच असते असे मुळीच नाही. त्या अवस्थेत मन रिकाम्या जागा भरून काढते आणि त्यावर माणसाचा ठाम विश्वास बसतो. १९५६ सालीच अमेरिकेत संमोहनाने जाग्या झालेल्या एका पूर्वजन्माचे पुस्तक प्रचंड खपले. त्या बाईला आपण मागच्या जन्मी आयर्लंडमध्ये होतो असे 'आठवत' होते. पत्रकारांनी शोध घेतला तेव्हा लहानपणी तिच्या घरासमोर एक आयरिश बाई राहत होती असे निघाले. इतरांसाठी हा मौजेचा विषय असेल. आपल्यासाठी नाही. तुझे दुःख तुझ्या मागच्या जन्मातून आले, हेच वाक्य ऐकवून आपल्याला हजारो वर्षे गावकुसाबाहेर ठेवले. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माचा हा सिद्धान्त धुडकावून लावला. आता तेच वाक्य मऊ कोचावर निजवून, मंद दिव्यात, तासाचे पैसे घेऊन ऐकवले जात आहे. आणि आपल्यातली शिकलेली, नोकरीतली मुले तिथे जात आहेत.

कायद्याच्या बाजूने बरेच घडले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधणे, मारहाण, मिरचीची धुरी, चटके हे सगळे त्याने गुन्हे ठरवले. त्याच्या मागे एरवाडीची आठवण होती : तामिळनाडूतल्या त्या गावी ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण जागच्या जागी जळून मेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळदंडाला पूर्ण बंदी घातली. त्याच कायद्यात असेही लिहिले आहे की माणसाच्या सामाजिक किंवा आर्थिक दर्जावरून, किंवा तो आपल्या समाजाच्या रूढ नीतीशी व श्रद्धांशी जुळवून घेत नाही म्हणून, त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. आणि उपचार देताना जातीवरून भेदभाव करता येणार नाही. १८५८ पासून इथवर यायला एकशे एकोणसाठ वर्षे लागली.

पण मघाचा तो रकाना अजून आहे. केसपेपरवर आता शिपाई गांजा लिहीत नाही. आजाराचे शास्त्रीय नाव असते, औषधाची मात्रा असते. ते आवश्यकच आहे. औषधाने बरी झालेली माणसे मी पाहिली आहेत आणि गोळ्या फेकून द्या म्हणणाऱ्यांशी माझे भांडण आहे. मात्र ज्या मुलाची वसतिगृहात रोज जातीवरून टिंगल होते त्याच्या निद्रानाशाचे कारण त्या कागदावर कुठे लिहायचे? गटारात उतरून मेलेल्या सोबत्याला ज्याने वर ओढले, त्याला रात्री जे दिसते त्याला कोणते नाव द्यायचे? हैदराबादेत जानेवारी २०१६ मध्ये रोहित वेमुलाने जीव दिला, तेव्हा त्याच्या जातीच्या दाखल्याची चौकशी झाली. जातीने त्याच्या मनावर काय केले याची चौकशी करायची कोणत्या खात्याने? डॉक्टर म्हणतो, हे माझे क्षेत्र नाही. कार्यकर्ता म्हणतो, मनाचे डॉक्टर पाहतील. दोघांच्या मध्ये तो मुलगा उभा असतो. बाबासाहेबांनी दुःखाचा संबंध माणसाने माणसावर केलेल्या अन्यायाशी जोडला होता. तो अर्थ आपण व्यासपीठावर सांगतो, केसपेपरपर्यंत नेत नाही.

माझी सूचना अगदी साधी आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो माणसे येतात. पुस्तकांची दुकाने लागतात. ठिकठिकाणी डॉक्टर बसतात, रक्तदाब तपासतात, डोळे तपासतात. तिथे मनाच्या डॉक्टरांचेही एक टेबल लावावे, आणि ते आपल्याच समाजातून शिकून पुढे आलेल्या मुलामुलींनी लावावे. अशी मुले आता आहेत. शेजारी कापडाचा एक आडोसा असावा, दोन खुर्च्या असाव्यात. यवतमाळकडून, चंद्रपूरकडून, गोंदियाकडून रात्रभर प्रवास करून आलेल्या बाईला तिथे बसवून विचारावे, बाई, तुम्हाला काय झाले? आणि ती सांगू लागली की मधे बोलू नये. जे सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून घ्यावे, कारणाच्या रकान्यात.